रांगोळीत उभी केलेली गाडी

काकांच्या गॅरेजच्या छताला एक तोलकाटा टांगलेला असायचा. त्यांची आरव्ही म्हणजे चौतीस फुटी, चाकांवरचं घर. त्या घरात जाणारी प्रत्येक वस्तू आधी ह्या काट्याला लागायची. कुकर, तांदळाची पिशवी, इस्त्री, काकूंच्या साड्यांची बॅग. काकू म्हणायच्या, "नशीब माझं, मला नाही लटकवलं अजून." मी त्यांच्याबरोबर फ्लोरिडाला जायचं ठरलं तेव्हा काकांनी रजा मिळाली का, हे विचारलं नाही.

"तुझं वजन किती?"

"एकशे ब्याऐंशी पाउंड."

"बूट घालून?"

मी घरी गेलो, बूट आणि हिवाळ्याचं जॅकेट घालून वजनकाट्यावर उभा राहिलो आणि फोन करून एकशे नव्वद सांगितलं.

"म्हणूनच तुला नेतोय," ते म्हणाले.

काका नात्याने नव्हेत, मानाने. मिशिगनमधल्या नोव्हायजवळच्या एका कंपनीत ते ब्रेक टेस्टिंगचे प्रमुख होते आणि माझी अमेरिकेतली पहिली नोकरी त्यांच्या हाताखाली होती. गाड्या थांबवणं हे एकच काम त्यांनी जन्मभर केलं. दुसरे इंजिनियर आपली गाडी किती पळते ते रंगवून सांगू लागले की काकांचं लक्ष उडायचं. "पळण्यात काय आहे? उतार मिळाला की धोंडाही पळतो." माणसांनाही ते तीच फूटपट्टी लावत. नवा कुणी लॅबमध्ये येऊन फार उत्साहाने बोलायला लागला की माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "हा तापला की धरणार नाही." बहुतेक वेळा ते खरं निघायचं, आणि निघालं नाही तर काका ते कबूल करायचे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मीळ.

ऑफिसच्या सपाट पार्किंगमध्येसुद्धा ते गाडीच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचे. लग्नाच्या रिसेप्शनला गेले तर ताट घेण्याआधी हॉलचं दार उघडून सोडून द्यायचे, ते आपटतं की सावकाश मिटतं ते बघायला. आपटलं तर जेवणभर अस्वस्थ. तापलेल्या ब्रेकचा वास घेऊन गाडी कुठली ते सांगायचे. काकू म्हणायच्या, "फोडणी करपली तर ह्यांना कळत नाही, शेजाऱ्याचा ब्रेक करपला तर झोपेतून उठतात."

माझ्या पहिल्या हिवाळ्यात ते मला एका बंद पडलेल्या मॉलच्या पार्किंगमध्ये घेऊन गेले. सगळीकडे बर्फ. मी चालवतोय, ते शेजारी. मधोमध आल्यावर म्हणाले, "आता जोरात ब्रेक मार." मी मारला. गाडी भोवऱ्यासारखी फिरली. मला वाटलं आता उतरू, चहा पिऊ. ते म्हणाले, "परत." असं पार दुपारपर्यंत चाललं. "घसरण्याची ओळख इथे करून घे. रस्त्यावर नवी ओळख नको."

निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी आरव्ही घेतली आणि दर जानेवारीत दोघं फ्लोरिडातल्या एका रिसॉर्टला जाऊ लागले. रिसॉर्ट म्हणजे पूर्वीची संत्र्यांची बाग. झाडांच्या ओळींमधून काँक्रीटचे ओटे घातलेले, प्रत्येक ओट्याशी नळ आणि विजेचा खांब. तुम्ही आपलं घर मागे मागे नेत त्या ओट्यावर बसवायचं आणि हिवाळा संपेपर्यंत राहायचं. आजूबाजूला मिशिगन, ओहायो, कॅनडाहून आलेले म्हातारी जोडपी. काकूंनी त्यांना पोह्यांची चटक लावली आणि काकांनी सगळ्यांचे ब्रेक तपासले. गाडी ओट्यावर लावताना काका चालवायचे आणि काकू मागे उभ्या राहून हात करायच्या. वर्षानुवर्षं त्यांनी ते काम बिनचूक केलं.

मग काकांच्या डोळ्यांतलं मधलं गेलं. कडेचं दिसायचं, समोर धरलेलं दिसायचं नाही. पहिल्यांदा मला सांगितलं ते असं: "तुझे कान दिसतात. बाकीचा तू मी आठवणीने भरून घेतो." लायसन्स त्यांनी स्वतः जाऊन परत केलं. त्यावर घरात चर्चा केली नाही. चर्चेचा विषयच नव्हता, ब्रेकवाल्या माणसाने न दिसता गाडी चालवणं हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

तो हिवाळा दोघांनी नोव्हायमध्ये काढला. काका रोज दुपारी कोट चढवून ड्राइव्हवेत उभ्या असलेल्या आरव्हीत जायचे. बॅटरीसाठी इंजिन चालू करायला जातो म्हणायचे. एकदा काकू चहा घेऊन गेल्या तर इंजिन बंद होतं आणि काका ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोरच्या बर्फाकडे बघत होते. काकू चहा घेऊन तशाच परतल्या. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला त्या काकांना म्हणाल्या, "मला शिकवा."

हे ऐकून मी हसलो होतो. कारण काकूंनी तीस वर्षांत कधी हायवे घेतला नव्हता. किराणा आणायलासुद्धा आतल्या रस्त्यांनी, वीस मिनिटांच्या जागी पाऊण तास घालवून जायच्या. काका हसले नाहीत. उन्हाळ्यात त्यांनी त्याच मॉलच्या पार्किंगमध्ये शिकवायला सुरुवात केली. मॉलवाल्यांची रीतसर परवानगी घेतली होती. पुढे चालवणं काकूंना लवकर जमलं. मागे घेणं जमेना. काका म्हणाले, ओट्याचं माप जमिनीवर काढू, त्यात गाडी बसव. मी खडू आणायला निघालो. काकू म्हणाल्या, "खडू कशाला? रांगोळी आहे की." त्यांनी काकांच्या टेपने मापं घेतली आणि चिमटीतून रांगोळी सोडत चारी बाजूंनी एक सुरेख, सरळ चौकट काढली. मग गाडीत चढल्या, मागे घेतली, आणि चौकटीच्या वीतभर अलीकडे थांबल्या.

"ये, ये," काका म्हणाले.

"कुठून येऊ?"

"सरळ मागे. अख्खी गाडी आत यायची आहे अजून."

"अहो, रेघ आहे मधे."

"मग असू दे! रेघेवरून ये."

"रांगोळीवर चाक घालू?" काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "घरची बाई मी. काहीतरीच काय बोलताय!"

काका देवाधर्माचे नव्हते. त्यांनी पंधरा मिनिटं वाद घातला की ही नुसती दगडाची पूड आहे. काकूंनी इंजिन बंद केलं आणि ऐकून घेतलं. शेवटी त्या खाली उतरल्या, पायाने नाही, झाडूने, पुढची रेघ पुसली आणि म्हणाल्या, "आता दार उघडं झालं." पण बाजूच्या दोन आणि मागची एक अशा तीन रेघा राहिल्या त्या राहिल्याच. आणि तिथेच काकांनी वाद सोडला, कारण त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. काकू रस्त्यावर ठेवतात तसल्या नारिंगी कोनाला धडकल्या असत्या, प्लास्टिकच्या खांबाला धडकल्या असत्या, पण रांगोळीला चाक लागू देणं त्यांच्या हातून होणारच नव्हतं. रेघ जवळ आली की त्या थांबायच्या, पुढे घ्यायच्या, पुन्हा यायच्या. पन्नासदा. ऑगस्टपर्यंत ती चौतीस फुटी गाडी त्या चौकटीत अशी बसायला लागली की दोन्ही बाजूंना सारखी जागा. मी टेपने मोजून बघितली. काका म्हणाले, "मी लॅबमध्ये उगाच कोन वापरले."

दिवाळीला त्यांचा मुलगा व्हर्जिनियातल्या हर्नडनहून आला. तिकडे तो कॉम्प्युटरच्या कामात आहे. त्याने घराचं बेसमेंट आईवडिलांसाठी तयार करून घेतलं होतं, न्हाणीघरात धरायला दांड्यासुद्धा बसवल्या होत्या. मुलगा चांगला आहे. त्याचं म्हणणंही चुकीचं नव्हतं.

"आई, धिस इज अ बस," तो म्हणाला. "यू आर सिक्स्टी-सेव्हन. डॅडला दिसत नाही. आरव्ही सेल करा आणि माझ्याकडे या. प्लीज."

काकू पुऱ्या तळत होत्या, त्यांनी मागे वळून बघितलं नाही. काका म्हणाले, "टेस्ट घे."

"व्हॉट टेस्ट?"

"ती फ्लोरिडापर्यंत चालवेल. बरोबर हा येईल, आमचं ठरलंय." त्यांनी माझ्या कानाकडे बोट केलं. "तिऱ्हाईत माणूस पाहिजे. हा खोटं बोलत नाही, वजन विचारलं तर बुटांसकट सांगतो. पोचल्यावर तो तुला फोन करेल. तो नाही म्हणाला, तर तिथल्या तिथे गाडी विकू आणि विमानाने तुझ्याकडे येऊ. कायमचे."

"अँड यू विल अ‍ॅक्सेप्ट इट?"

"टेस्टचा निकाल मी कधी बदललाय?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. "दादा, यू विल टेल मी द ट्रुथ?"

मी हो म्हणालो. काकू पुरीचा झारा हातात घेऊन पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "सांग हो खरं. मला दया नको."

अशा रीतीने जानेवारीत आम्ही तिघं निघालो. ओहायोत शिरेपर्यंत काका शेजारच्या सीटवर बसून बोलत होते. "लेन बघ. अंतर ठेव. ट्रक येतोय उजवीकडून, मला ऐकू येतोय." शिवाय त्यांचा उजवा पाय सारखा फरशी दाबत होता. पेट्रोल भरून बाहेर पडताना ते म्हणाले, "आता फिरव," काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि उजव्या आरशाचं कव्हर पिवळ्या खांबाला करकरून घासलं.

काकूंनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक लावला.

"उठा."

"अगं, मी फक्त..."

"तुम्ही मागे जाऊन बसा. टेबलापाशी. आणि बोलायचं नाही."

काका उठले. हात लावत लावत मागच्या बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी बेल्ट लावला. मी पुढे आलो. बराच वेळ गेल्यावर मागून आवाज आला, "खांबाची चूक माझ्यात धर."

"नाही," मी म्हणालो. "चालवत काकू होत्या. तुमचं बोलणं हे कारण आहे, चूक त्यांची."

"बरोबर बोलतोय तो," काकू म्हणाल्या.

केंटकी नीट पार पडलं. टेनेसीत डोंगर लागतो. चढ संपता संपता समोर धुकं आलं, आधी विरळ, मग पुढच्या ट्रकचे लाल दिवेही जेमतेम दिसावेत इतकं. खाली लांबलचक उतार होता. काकूंनी एक्झिट घेतली आणि ट्रकवाल्यांच्या मोठ्या तळावर गाडी नेऊन उभी केली. दुपारही झाली नव्हती.

"का थांबलो?" मागून काका.

"धुकं आहे. आज उतरायचं नाही."

"खालचा गिअर घे आणि सावकाश उतर. ब्रेक उत्तम आहेत, मी स्वतः बघितलेत."

"ब्रेकचं नाही हो. मला पुढचं दिसत नाहीये."

"मी असतो तर उतरलो असतो."

"तुम्हाला कुठेच दिसत नाही, तेव्हा तुम्हाला धुक्याचं काय!"

काकूंनी शब्द मागे घेतला नाही. खिडकीतून बघितलं तर ट्रकमागून ट्रक उताराला लागत होते, आम्ही तेवढे उभे. थोड्या वेळाने काका मला म्हणाले, "मुलगा विचारेल आज कुठपर्यंत आलात. सांगशील, घाबरून थांबली."

"थांबल्या एवढं सांगेन."

"तो तिच्याविरुद्ध मोजेल."

"मोजू दे," काकू म्हणाल्या. त्यांनी कुकर काढला होता. "मी बेसमेंटात राहीन एक वेळ, पण आज हा डोंगर उतरणार नाही."

खिचडी झाली. पापड भाजले. काका जेवले नाहीत, नुसते चिवडत बसले. मग मला म्हणाले, "आमची तिसरी खेप होती, तेव्हा असंच धुकं होतं ह्याच डोंगरावर. मी उतरलो. ही शेजारी बसली होती. एक शब्द बोलली नाही."

"बोलले होते," काकू भांडी विसळत म्हणाल्या. "थांबा म्हणाले होते. दोनदा. तुम्ही ऐकलं नव्हतं."

काकांनी मान वळवली. कुणाकडे बघायचं असलं की ते मान दुसरीकडे वळवत, म्हणजे माणूस डोळ्याच्या कडेला यायचा. भिंतीकडे तोंड करून ते बराच वेळ काकूंकडे बघत राहिले. मग त्यांनी ताट ओढलं आणि गार झालेली खिचडी सगळी संपवली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर काकूंनी गाडी काढली. उतारभर खालच्या गिअरात, सगळ्यात उजव्या लेनमधून, मागच्या ट्रकवाल्यांचे भोंगे ऐकत. काका बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. पाय हलला नाही. खाली सपाटीला आल्यावर काकूंनी गाडी थांबवली, तेव्हा ते उतरून चारी चाकांशी वाकले आणि परत येऊन म्हणाले, "वास नाही."

मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली. हे दोन शब्द मला कधी मिळाले नाहीत.

रिसॉर्टला पोचलो तेव्हा दुपार होती. नवी गाडी आली की तिथले लोक खुर्च्या घेऊन बाहेर येतात. कोण कसं मागे घेतं ते बघणं हीच तिथली करमणूक. काका बाहेर आणि काकू स्टिअरिंगवर दिसल्या तेव्हा आणखी चार खुर्च्या आल्या. दोन गृहस्थ उठून पुढे झाले, "हनी, आम्ही लावून देतो." काकूंनी हसून हात जोडले आणि खाली उतरल्या. पिशवीतून रांगोळीचा डबा काढला. काँक्रीटच्या ओट्याच्या तीन कडांवर, वाऱ्याला पाठ करून, रेघा ओढल्या. पुढची बाजू मोकळी.

"हे काय, ब्लेसिंग आहे का?" एका बाईंनी काकांना विचारलं.

"येस," काका म्हणाले. "व्हेरी इफेक्टिव्ह."

मग ते मागे जाऊन उभे राहिले, दोघांच्या हातात वॉकीटॉकी. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात विजेचा खांब होता, उजवीकडे संत्र्याचं झाड. काकांनी मान पूर्ण फिरवली आणि तोंड शेजारच्या प्लॉटकडे केलं. बघणाऱ्यांत कुजबूज झाली. चौतीस फुटी गाडी मागे येतेय आणि हा माणूस भलतीकडे बघतोय! एक जण ओरडला, "सर, लुक अ‍ॅट द व्हेईकल!" काकांनी त्याला हाताने गप्प केलं. खांब आणि गाडीची मागची कड दोन्ही त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात होती, आणि तेवढाच कोपरा त्यांच्याकडे उरला होता. "ये," ते वॉकीटॉकीत म्हणाले. "ये. खांब हातभर. ये. थांब." काकू थांबल्या. पुढे गेल्या. पुन्हा आल्या. तिसऱ्या वेळी झाडाची फांदी छताला घासली आणि तीनचार संत्री टपाटप खाली पडली. लोक "ओह" म्हणाले. काकू पुन्हा पुढे गेल्या. पाचव्या वेळी गाडी आत बसली. मी वाकून बघितलं. तिन्ही रेघा अखंड होत्या.

टाळ्या झाल्या. काकांनी वाजवल्या नाहीत, ते चाकांना ठोकळे लावत होते.

फोन मी टेबलावर स्पीकरवर ठेवला, कारण पाठीमागे बोलणं मला पटलं नसतं. समोर काकू पडलेली संत्री सोलत होत्या. सोलणं चालू होतं, पण एकही फोड कुणाला दिली नव्हती. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते.

मी सगळं सांगितलं. ओहायोत आरसा खांबाला घासला, चूक काकूंची. टेनेसीत धुक्यामुळे अख्खा दिवस थांबल्या, बाकीचे उतरत होते तरी. मागे घ्यायला पाच खेपा लागल्या, छताला फांदी लागली. काकांना दिसत नाही ते नाहीच, पण कडेचं दिसतं आणि सांगितल्यावर ते गप्प बसू शकतात, हे मला नव्याने कळलं.

"सो? येस ऑर नो?"

"चालवू शकतात. येस. थांबल्या म्हणून येस."

मग मुलगा म्हणाला, "डॅड? यू ओके विथ धिस? रियली?"

"मी पॅसेंजर आहे," काका म्हणाले. "ड्रायव्हरला विचार."

"आई," मुलगा म्हणाला. "ओके. यू विन. पण मार्चमध्ये मी फ्लाय करून येतो. परत जाताना मी ड्राइव्ह करीन. डील?"

काकूंनी संत्र्याची फोड काकांच्या हातावर ठेवली, हात पदराला पुसला आणि फोन जवळ ओढला.

"ये की. तुझं घर आहे. मागे बस, बेल्ट लाव. चालवणार मी."